कॅन्सरच्या ट्रायलमधले स्कॅन आणि कोअर लॅब : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पेशंटांचे आणि नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीटी स्कॅनच्या खोलीत माझी बरीच वर्षं गेली. आता मी बेळगावात कॅन्सरच्या ट्रायलमधल्या, म्हणजे नवं औषध तपासून बघायच्या अभ्यासातल्या, पेशंटांचे स्कॅन ठरल्याप्रमाणे झालेत ना ते बघते आणि पुढे पाठवते. खानापूरहून, चंदगडहून, निपाणी-चिक्कोडीकडून माणसं येतात आणि बाहेरच्या बाकावर बसून जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. एका आजींनी विचारलं होतं, "बाई, परत परत फोटो कशाला काढालेत?" त्यांना नीट सांगायला मला अर्धा तास लागला. तेव्हापासून ही उत्तरं लिहून ठेवायचं मनात होतं.

कोअर लॅब म्हणजे रक्त तपासायची लॅब का?

नाही. रक्त, लघवी, गाठीचा तुकडा यांतलं काहीच तिथे जात नाही. तिथे जातात फक्त स्कॅनच्या प्रतिमा : सीटी, एमआरआय, पेट, बोन स्कॅन.

नव्या औषधाची ट्रायल एकाच वेळी अनेक गावांत, बहुतेकदा अनेक देशांत चालते. बेळगावचं मशीन वेगळं, मिरजेचं वेगळं, मुंबईचं आणखी वेगळं. रिपोर्ट लिहिण्याची प्रत्येक रेडिओलॉजिस्टची आपली पद्धत असते. एक लिहितो "गाठ थोडी कमी वाटते", दुसरा लिहितो "फारसा फरक नाही", आणि दोघांनी बघितलेली गाठ कदाचित सारखीच असते. औषध चाललं की नाही हे अशा वाक्यांवरून ठरवता येत नाही. म्हणून सगळ्या केंद्रांच्या प्रतिमा एका जागी गोळा करायच्या, त्या मोजण्याजोग्या आहेत का ते तपासायचं, आणि एकाच नियमात तयार झालेल्या डॉक्टरांकडून त्या वाचून घ्यायच्या. हे काम कोअर लॅब करते. काही कोअर लॅब विद्यापीठांच्या असतात, काही खासगी कंपन्यांच्या. अमेरिकेत सरकारी मदतीने चालणाऱ्या कॅन्सर ट्रायल्ससाठी २०१४ पासून 'आयरॉक' नावाचं जाळं आहे. फिलाडेल्फिया, ओहायो, ह्यूस्टन, ऱ्होड आयलंड आणि सेंट लुइस इथली केंद्रं त्यात आहेत.

पेशंट तिथे कधी जात नाही आणि तिथलं कोणी पेशंटला बघत नाही. तुमच्या आणि त्यांच्या मधला दुवा म्हणजे तुमची सीडी आणि आमच्यासारखी माणसं.

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दिलाय. मग परत दुसऱ्यांनी बघायची गरज काय? आमच्या डॉक्टरांवर विश्वास नाही का?

हा प्रश्न विचारताना माणसं दुखावलेली असतात, म्हणून सविस्तर सांगते. इथे डॉक्टरांच्या हुशारीवर कुणाचा संशय नसतो. एकच वस्तू दोन माणसांनी मोजली की माप दोन येतात, एवढीच गोष्ट आहे. शेतमोजणीला दोनदा साखळी लावून बघितलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

१९७६ साली मोर्टेल आणि हॅन्ली या दोघांनी एक साधा प्रयोग केला. फोमच्या थराखाली बारा गोळे ठेवले आणि सोळा अनुभवी कॅन्सर डॉक्टरांना ते वरून चाचपून मोजायला सांगितले. काही गोळे मुद्दाम एकाच मापाचे होते. तरी मापं इतकी मागे-पुढे आली की "पाव हिश्शाने कमी" हा निकष धरला असता तर जिथे तसूभरही फरक नाही तिथेही गाठ "कमी झाली" असं कितीतरी वेळा लिहिलं गेलं असतं. निकष निम्म्यावर नेला तेव्हा अशा चुका बऱ्याच घटल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ साली उभं-आडवं माप घेऊन गुणाकाराचा नियम केला, त्यातला ५० टक्क्यांचा आकडा याच विचारातून आला. पुढे २००० साली 'रेसिस्ट' नावाची सोपी पद्धत आली आणि २००९ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती. अंगातल्या घट्ट गाठींच्या बहुतेक ट्रायल्समध्ये आज तीच वापरतात.

दुसरं कारण मनाचं आहे. इथल्या डॉक्टरांना माहीत असतं की पेशंटला कुठलं औषध चालू आहे, तो किती लांबून येतो, घरी कोण आहे. आपल्या पेशंटला गुण यावा असं कुठल्या डॉक्टरला वाटत नाही? ती माया मापात दोन-तीन मिलिमीटर उतरते, आणि डॉक्टरला ते कळतसुद्धा नाही. कोअर लॅबमधल्या वाचणाऱ्याला पेशंट कुठल्या औषधाच्या गटात आहे ते सांगत नाहीत, हॉस्पिटल सांगत नाहीत, इथल्या डॉक्टरांचं मतही सांगत नाहीत. बहुधा दोन रेडिओलॉजिस्ट एकमेकांचं न बघता तेच स्कॅन वाचतात. दोघांचं जुळलं नाही तर तिसरा बघून निवाडा देतो. औषध मंजूर करणाऱ्या संस्थांना असाच पुरावा हवा असतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ साली ट्रायलमधल्या स्कॅनची कामं कशी बांधून घ्यावीत याच्या सूचनाच काढल्या आहेत.

गाठ मोजतात म्हणजे नेमकं काय करतात?

पहिल्या स्कॅनमधून, म्हणजे बेसलाइनमधून, जास्तीत जास्त पाच गाठी निवडतात, एका अवयवातून दोनच. गाठ सीटीवर किमान १० मिलिमीटर लांब हवी. लिम्फ नोड (अंगात जागोजागी असणारी छोटी ग्रंथी) असेल तर त्याची आखूड बाजू किमान १५ मिलिमीटर. नोड आखूड बाजूने मोजतात, कारण चांगला नोडही घेवड्याच्या दाण्यासारखा लांबट असतो. तो बिघडला की गोल आणि जाड होतो. निवडलेल्या गाठींची मापं बेरीज करून ठेवतात. बाकीच्या गाठी मोजत नाहीत, पण त्यांच्यावर नजर ठेवतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे माझे, पण रोज असेच दिसतात. यकृतात एक गाठ ४२ मिलिमीटर, दुसरी २८, आणि छातीत एक नोड १८. बेरीज ८८. दोन महिन्यांनी बेरीज आली ६०, म्हणजे जवळजवळ ३२ टक्के कमी. ३० टक्के किंवा त्याहून जास्त घट झाली की "अंशतः प्रतिसाद" लिहितात. घरात पेढे वाटण्यासारखी बातमी. पुढच्या स्कॅनला बेरीज आली ७३. घरचे म्हणतात, "८८ होती, ७३ आहे, म्हणजे अजून कमीच आहे की." पण वाढ मोजतात ती आतापर्यंतच्या सर्वांत लहान बेरजेपासून. ६० वरून ७३ म्हणजे २१ टक्क्यांहून जास्त वाढ. २० टक्के वाढ आणि शिवाय निदान ५ मिलिमीटर वाढ, दोन्ही झालं की आजार "वाढला" असं धरतात. नवी गाठ नक्की दिसली तर बेरीज कितीही असो, वाढच.

हे आकडे लहान वाटतात, पण गाठ चेंडूसारखी असते. व्यास ३० टक्क्यांनी घटला की आतला मांसल भाग सुमारे दोन-तृतीयांश घटलेला असतो. व्यास २० टक्क्यांनी वाढला की तोच भाग ७० टक्क्यांहून जास्त वाढतो.

एका काकांना मी हा हिशेब जेवणाच्या डब्याच्या झाकणावर बोटाने काढून दाखवला होता. ते ऊस कारखान्यात काट्यावर काम केलेले. म्हणाले, "म्हणजे काटा प्रत्येक वेळी शून्याला आणायचा नाही, सगळ्यात हलक्या खेपेला आणायचा." मला स्वतःला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

इथले डॉक्टर म्हणतात गाठ वाढली, कोअर लॅब म्हणते नाही. आम्ही कुणाचं ऐकायचं?

तुमच्या डॉक्टरांचं. कोअर लॅब उपचार ठरवत नाही. पुष्कळदा तिचा निकाल इथे कळवलाही जात नाही, तो औषधाचा हिशेब करणाऱ्यांकडे जातो. पेशंटला ताप आहे, वजन उतरलंय, दम लागतो, हे समोर बसलेल्या डॉक्टरांनाच दिसतं.

काही ट्रायल्समध्ये मात्र डॉक्टरांनी "वाढली" म्हटल्यावर औषध थांबवण्याआधी कोअर लॅबकडून खात्री करून घ्यायचा नियम असतो. तसा नियम असेल तर दोन-चार दिवस थांबावं लागतं. ते दिवस घरच्यांना फार जड जातात, हे मी बघितलंय. पण त्या थांबण्याला अर्थ आहे. घाईने औषध सोडलं आणि नंतर कळलं की गाठ वाढलीच नव्हती, तर चालणारं औषध पेशंटच्या हातून गेलेलं असतं.

प्रत्येक वेळी त्याच सेंटरला जा म्हणता. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं, तिथे करून आणलं तर?

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. अडचण मला समजते. तरीही शक्यतो तेच सेंटर, तेच मशीन.

सीटी म्हणजे शरीराच्या पातळ चकत्या. चकती ५ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर १० मिलिमीटरची गाठ निदान दोन चकत्यांत सापडते. दुसऱ्या ठिकाणी ८ किंवा १० मिलिमीटरची चकती घेतली तर तीच गाठ अर्धी एका चकतीत, अर्धी दुसरीत, आणि माप चुकतं. डायचंही, म्हणजे प्रतिमा उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात त्या औषधाचंही, तसंच. यकृताच्या गाठी बघायला डाय दिल्यावर साधारण सत्तर सेकंदांनी प्रतिमा घेतात. तीस सेकंदांनी घेतली तर त्याच यकृतात त्याच गाठी वेगळ्या उठून दिसतात, काही तर दिसतच नाहीत. मग पुढच्या वेळी दिसलेली गाठ नवी की जुनीच, याचं उत्तर कुणाकडे नसतं.

म्हणून ट्रायल सुरू होण्याआधी कोअर लॅब प्रत्येक सेंटरची तयारी तपासते. मशीनमध्ये 'फँटम' नावाचा ठोकळा किंवा डबा ठेवून त्याचा स्कॅन मागवते, कारण त्याची मापं आधीच माहीत असतात. चकतीची जाडी, डायचं प्रमाण, श्वास कधी रोखायचा, हे सगळं लिहून देते. कोल्हापूरचं सेंटरही या यादीत असेल तर प्रश्न सुटतो. आधी ट्रायलचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरला फोन करून विचारा. परस्पर करून आणू नका.

स्कॅनची तारीख चार-आठ दिवस पुढे ढकलली तर काय बिघडतं?

प्रत्येक स्कॅनला ठरलेला अवधी असतो, बहुधा ठरलेल्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे काही दिवस. ऊसतोड, जत्रा, गणपती, घरातलं लग्न, सगळं मी ऐकते आणि जमेल तितकं जुळवून घेते. पण ट्रायलचा मुख्य प्रश्न बहुधा हाच असतो की आजार किती दिवस दबून राहिला. स्कॅन उशिरा केला की वाढही उशिराच दिसते आणि औषधाच्या नावावर न कमावलेले दिवस जमा होतात. पहिल्या स्कॅनचा नियम तर आणखी कडक : रेसिस्टप्रमाणे तो औषध सुरू होण्याआधी चार आठवड्यांच्या आत हवा.

सीडी आणा म्हणता. फिल्म आहे, मोबाइलमध्ये फोटोही आहे. ते चालत नाही का?

नाही चालत, आणि हे मी हात जोडून सांगते. फिल्मवर निवडक प्रतिमा छापलेल्या असतात, त्यावर माप अचूक घेता येत नाही. मोबाइलवरचा फोटो म्हणजे फोटोचा फोटो. कोअर लॅबला लागतात मूळ 'डायकॉम' फाइली. डायकॉम ही १९९३ पासून जगभरच्या स्कॅन मशीनांची एकच भाषा आहे. प्रत्येक चकतीसोबत तिची जाडी, जागा, वेळ आणि मोजमापाचं प्रमाण त्यात बांधलेलं असतं, म्हणून इथली प्रतिमा सातासमुद्रापलीकडे उघडली तरी मिलिमीटर तोच राहतो.

खानापूरच्या जंगलपट्टीतून एक मामा आले होते. फिल्म प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी टॉवेलात, टॉवेल परत पिशवीत. सीडी जपून आणलेली, एक ओरखडा नाही. मी ती उघडली तर आत फक्त बावीस फोटो. ज्या सेंटरने स्कॅन केला होता त्यांनी पूर्ण डेटा न देता निवडक चित्रं भरून दिली होती, आणि मूळ डेटा मशीनवरून पुसला गेला होता. मामांना परत सुई, परत डाय, परत उपाशीपोटी एसटीचा प्रवास. औषध दहा दिवस उशिरा सुरू झालं. त्यांनी कुणाला एक शब्द बोल लावला नाही. मला मात्र अजून राग येतो. म्हणून स्कॅन संपल्यावर काउंटरवरच सांगा, "पूर्ण डायकॉम डेटा द्या," आणि सीडी त्यांच्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवायला सांगा. शेकड्यांनी प्रतिमा दिसायला हव्यात.

आमचं नाव, फोटो परदेशात जातात का?

प्रतिमा जाऊ शकतात, नाव जात नाही. पाठवण्याआधी नाव, हॉस्पिटलचा नंबर, जन्मतारीख अशी ओळख पुसून त्या जागी ट्रायलचा क्रमांक घालतात. कधी कधी नाव प्रतिमेच्या कोपऱ्यातच उमटलेलं असतं. तेही शोधून झाकावं लागतं. डोक्याच्या स्कॅनमधून चेहरा परत उभा करता येतो, म्हणून काही ट्रायल्समध्ये चेहऱ्याचा भागही अस्पष्ट करतात. प्रतिमा देशाबाहेर जाणार असतील तर ते संमतीपत्रात लिहिलेलं हवं. नसेल तर विचारा.

आपल्या सीमाभागात यात एक वेगळीच अडचण येते. एकाच माणसाचं नाव मिरजेच्या सीडीवर एका स्पेलिंगने असतं आणि बेळगावच्या सीडीवर कन्नड वळणाने 'टी'पुढे 'एच' लागलेलं. आडनाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, तिसरीकडे गावाचं नावच आडनाव झालंय. नाव पुसण्याआधी ही तिन्ही माणसं एकच आहेत याची खात्री मलाच करायची असते, कारण एकदा क्रमांक लागला की चूक पकडणं अवघड. म्हणून दर वेळी आधार कार्डावरचंच नाव सांगा आणि जुन्या सगळ्या पावत्या घेऊन या.

तोंडाच्या कॅन्सरचा स्कॅन करताना गाल फुगवायला का सांगतात?

निपाणीची तंबाखू, विडी, गुटखा, आणि घराघरांतली मिश्री. आपल्याकडे गालाच्या आतल्या आणि हिरडीच्या कॅन्सरचे पेशंट किती येतात हे इथल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. हा कॅन्सर मोजायला फार कठीण. तोंड मिटलेलं असलं की गाल हिरडीला चिकटतो आणि सीटीवर दोन्ही एकच मांस दिसतं; गाठ कुठे सुरू होते कळत नाही. म्हणून स्कॅनच्या त्या काही सेकंदांत ओठ मिटून गाल फुग्यासारखे फुगवायला सांगतात. मध्ये हवा शिरते, हवा काळी दिसते आणि गाठीची कड स्पष्ट होते.

ज्यांचं तोंड तंबाखूने आखडून दोन बोटंही उघडत नाही त्यांना हे जमत नाही. मी आधी बाहेर बाकावर चार-पाच वेळा सराव करून घेते. आणि एकदा गाल फुगवून स्कॅन केला की पुढचे सगळे तसेच करायला हवेत. दातात धातू भरलेला असेल तर त्याच्या रेघा प्रतिमेवर पसरतात. अशा वेळी बेसलाइनलाच एमआरआय ठरवलेला बरा. शेक (रेडिएशन) दिलेल्या जागेतली गाठ, शेकानंतर ती वाढल्याचं दिसल्याशिवाय, मोजायला निवडत नाहीत.

पेट स्कॅनला उपाशी राहा, साखर बघा, वेळ पाळा. एवढं काटेकोर कशासाठी?

पेटमध्ये किरणोत्सारी खूण लावलेली साखर, एफडीजी, टोचतात. भुकेल्या पेशी ती ओढून घेतात आणि उजळतात. ती खूण दर ११० मिनिटांनी निम्मी होते. औषध सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात तयार होऊन गाडीने येतं. ते कुणासाठी थांबत नाही. टोचल्यानंतर साधारण साठ मिनिटं निवांत पडून राहायचं आणि मग स्कॅन. एकदा साठ मिनिटांनी आणि पुढच्या वेळी नव्वद मिनिटांनी स्कॅन केला तर गाठीची चमक नुसत्या वेळेमुळे बदलते.

चार-सहा तास उपाशी, रक्तातली साखर बहुतेक ट्रायल्समध्ये २०० च्या आत. एक वहिनी पहाटेच्या बसने आल्या, साखर वाढलेली निघाली. विचारलं तर म्हणाल्या, काहीच खाल्लं नाही, फक्त स्टँडवर कपभर चहा घेतला. चहा हे खाणं नाही असं आपण सगळेच धरतो, त्यात त्यांची काय चूक? त्या दिवशीचा डोस वाया गेला. तेव्हापासून मी फोनवर "उपाशी या" एवढंच न सांगता "चहासुद्धा नको, नुसतं पाणी" असं सांगते. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं हे डॉक्टरांना आधी विचारा, मनाने बंद करू नका.

लिम्फोमाच्या (लिम्फ नोडमधल्या कॅन्सरच्या) ट्रायल्समध्ये पेटच्या चमकेला एक ते पाच असा अंक देतात आणि ती चमक यकृताशी ताडून बघतात. हा 'डोव्हिल' मापदंड. ते फ्रान्समधल्या गावाचं नाव आहे.

इम्युनोथेरपी चालू आहे. गाठ आधी मोठी झाली तरी औषध चालू ठेवलंय. हे बरोबर आहे का?

असू शकतं. या औषधांनी शरीराचे पहारेकरी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, गाठीत शिरतात आणि गाठ काही काळ सुजल्यासारखी मोठी दिसते. असं थोड्याच पेशंटांत होतं, पण होतं. त्यासाठी २०१७ साली 'आयरेसिस्ट' नियम आले. पहिली वाढ "अजून पक्की नाही" अशी लिहायची आणि पेशंटची तब्येत स्थिर असेल तर चार ते आठ आठवड्यांनी परत स्कॅन करून खात्री करायची. तब्येत घसरत असेल तर थांबायचं नाही.

इतक्या वेळा सीटी केल्याने अपाय होत नाही का?

किरणं जातात, हे खरं. किती स्कॅन करायचे हे आधीच लिहिलेलं असतं आणि पेशंटांच्या हिताकडे बघणारी एथिक्स कमिटी ते तपासते. डायआधी क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, बघतात. आधी कधी डायची ॲलर्जी आली असेल, दमा असेल, डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल, तर टेबलावर झोपण्याआधी सांगा. डाय जाताना अंग एकदम गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. ते अर्ध्या-एक मिनिटात जातं, घाबरू नका.

स्कॅनचे पैसे कोण देतं?

ट्रायलसाठी म्हणून जे स्कॅन होतात त्यांचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना तसंच सांगतात. प्रवासखर्चाची तरतूद संमतीपत्रात बघा, तिकिटं जपून ठेवा. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांत आहे.

कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. मराठीत मागता येतो का?

मागाच. पेशंटला कळेल अशा भाषेत माहिती मिळणं हा हक्क आहे, उपकार नाही. बेळगावात कन्नड आणि मराठी दोन्ही प्रती ठेवायला हव्यात आणि मराठी प्रतही एथिक्स कमिटीने मंजूर केलेली हवी. कुणीतरी उभ्या उभ्या तोंडी भाषांतर करून "इथे सही करा" म्हणणं पुरेसं नाही. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसवून सगळं वाचून दाखवावं लागतं. कागद घरी नेऊन मुलाला, सुनेला, गावच्या डॉक्टरांना दाखवून दुसऱ्या दिवशी सही केली तरी चालतं. स्कॅन किती, कुठे, प्रतिमा कुठे जाणार, किती वर्षं ठेवणार, एवढं तरी त्यात शोधा.

ट्रायल खरी आहे हे कसं ओळखायचं?

सीटीआरआय ही देशाची नोंदवही आहे. २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ च्या जूनपासून औषधांच्या ट्रायल्सना तिथे नोंद सक्तीची झाली. नोंदणी क्रमांक मागा. तो टाकून कुणीही फुकट बघू शकतं. क्रमांक द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर सही करू नका.

हे मोजण्याचं काम कॉम्प्युटर करत नाही का?

गाठीची कड आखायला, जुनी-नवी प्रतिमा शेजारी लावायला कॉम्प्युटर मदत करतो. कुठली गाठ निवडायची आणि नवा डाग म्हणजे कॅन्सर की जुन्या टीबीचा व्रण, हे अजून माणूसच ठरवतो. आपल्याकडे छातीत जुन्या टीबीच्या खुणा पुष्कळांना असतात. म्हणून टीबी होऊन गेला असेल तर आम्हाला जरूर सांगा. ती एक ओळ स्कॅनसोबत गेली तर तिकडच्या वाचणाऱ्याचा गोंधळ वाचतो.

ट्रायल मध्येच सोडली तर स्कॅनचं काय होतं?

केव्हाही सोडता येते, कारण न देता, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. तोवर पाठवलेल्या प्रतिमा बहुधा तशाच राहतात. संमतीपत्रात ते लिहिलेलं असतं. औषध सोडलं तरी स्कॅनला येत राहाल का, असं डॉक्टर विचारतील. जमत असेल तर या, कारण पुढचा स्कॅन नसेल तर तुमची माहिती अर्ध्यावर तुटते. जमत नसेल तर नाही म्हणा, त्यात संकोच नको. तुमच्या सीडी तुमच्याच आहेत. सगळ्यांवर तारीख घालून एका पाकिटात ठेवा आणि पुढे टाटाला, हुबळीला, कुठेही जायचं झालं तरी सगळ्यात जुनी सीडी सोबत न्यायला विसरू नका.